पाचोडच्या गोठ्यात टांगलेले सायलेन्सर

दिनांक ८ फेब्रुवारी २०१८, गुरुवार. या दिवशी दुपारी पाचोड येथील ‘वेगराज ऑटो परफॉर्मन्स’ या दुकानात मी माझ्या स्कूटीचा हॉर्न दुरुस्त करून घेण्यासाठी गेलो असता हॉर्नला कोणी हातही लावला नाही. मात्र गाडीचा मूळ सायलेन्सर काढून त्या जागी शर्यतीच्या गाडीचा सायलेन्सर बसवण्यात आला. याविषयी मी दुकानाकडे, दुकानाच्या मुख्य कार्यालयाकडे आणि ग्राहकांचे हित पाहतो असे म्हणवणाऱ्या अनेक ठिकाणी लेखी तक्रार केली. उत्तर एकच आले, मुख्य कार्यालयाचे: ‘वेगराज परिवारात आपले स्वागत आहे.’ पुढे ते कार्यालयच उरले नाही. म्हणून ही तक्रार आता वाचकांपुढे नोंदवीत आहे.

तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याची ओळख करून देणे भाग आहे. त्याचे नाव कारभारी. वय पन्नाशीच्या पुढे. घर मेंढपाळांचे, आई बानाबाई आजही मेंढ्या राखते. कारभारी तरुणपणी मेंढ्या सोडून पाचोडच्या बाजारात जनावरांची दलाली करू लागला. आखूडशिंगी बैल तो असा काही वर्णन करून सांगे, की घेणाऱ्याला शिंगांची गरजच वाटेनाशी होई. बैलांचा बाजार ओसरला तेव्हा बिडकीनकडचा विश्वजीत नावाचा एक तरुण सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावर गाड्यांच्या ‘परफॉर्मन्स’ सुट्या भागांची दुकाने काढत होता. एक शहरात, एक बजाजनगरला, एक बिडकीनला आणि एक पाचोडला. पाटीवर लाल अक्षरांत ‘रस्ता तुमचा, आवाज आमचा’. पाचोडच्या दुकानासाठी त्याला विकणारा माणूस हवा होता. कारभारीने अंगात कंपनीचा लाल टी-शर्ट चढवला, डोक्याचा रुमाल मात्र काढला नाही.

या गृहस्थाने आयुष्यात कधी वाहन चालवलेले नाही. शक्यतो तो वाहनात बसतही नाही. कारण विचारले असता म्हणाला, “मला गाडीचा भरोसा नाय. आत काय चाललंय ते तोंड बघून कळत नाय.” अशा माणसाच्या हाती तालुक्याचा वेग सोपवण्यात आला होता.

त्या गुरुवारी मी दुकानात पाय ठेवला तेव्हा गिऱ्हाइके बाकावर बसून चहा पीत होती. मी तेव्हा पाचोडच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत असे.

“या सर. काय दुखतंय हिला?”

“हॉर्न वाजत नाही,” मी म्हणालो.

कारभारीने स्कूटीभोवती एक फेरी मारली. जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा सीटवरून हात फिरवला. समोर उकिडवा बसून बराच वेळ हेडलाइटकडे पाहिले. मग मला गाडी ढकलत चार पावले पुढे न्यायला आणि परत आणायला लावली.

“चाल बरी हाय. पाय सरळ टाकती. पन सर, हॉर्नचं दुखणंच नाय हे. हिचा गळाच बारीक हाय.”

एवढे बोलून त्याने डोक्याचा रुमाल सोडला, उजव्या हातावर टाकला आणि तो झाकलेला हात माझ्यापुढे केला. मी शहरातल्या औरंगपुऱ्यात वाढलेला, मराठीचा एम.ए. जनावरांच्या बाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली बोटे दाबून ठरवतात, हे मला कोणत्याही इयत्तेत शिकवलेले नव्हते. हस्तांदोलनाची ही स्थानिक रीत असावी असे समजून मी रुमालाखाली हात घातला. त्याने माझी दोन बोटे दाबली. प्रतिसादात कमतरता राहू नये म्हणून मी त्याची पाचही बोटे आदराने दाबली.

बाकावरच्यांनी चहा पिणे थांबवले. कारभारीने क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिले आणि रुमाल झटकला.

“सर दिलदार हायेत. मागितलं त्याच्या दुपटीच्याबी वर गेले! सौदा झाला.”

“कशाचा सौदा?”

“आता इचारता व्हय? इचारायचं रुमालाच्या आधी असतंय.”

“पण मला काही घ्यायचेच नाही.”

“चार मानसांत झालाय सर. आता तुम्ही फिरला तर ही मानसं कुठं तोंड दाखवतील?”

ती माणसे खरोखर खाली मान घालून बसली होती. माझ्या शिक्षणाचा त्या क्षणी मला काडीचाही उपयोग झाला नाही.

सायलेन्सर बसवून झाल्यावर कारभारीने मला बाजूला घेतले. “खोड सांगून ठेवतो. आपल्यात खोड लपवायची नाय. हा उतारावर खोकतो. आन् शाळंपुढनं जाताना जरा जास्त वरडतो. बाकी गुणी हाय.”

“माझा जुना सायलेन्सर द्या.”

“तो नाय मिळायचा. ते दावं हाय.”

बैल विकला तरी त्याचा दोर, म्हणजे दावं, विकणारा स्वतःकडे ठेवतो. दावं गेले की गोठ्याची बरकत जाते, अशी त्या भागातली समजूत आहे. कारभारीने ती ‘वेगराज’ला लावली होती. नवीन सायलेन्सर हे जनावर, ते गिऱ्हाइकाच्या दारी गेले. जुना सायलेन्सर हे दावं, ते दुकानात राहणार. जनावराला खोड निघाली तर ते परत आणावे, दावं घेऊन जावे. न सांगितलेली खोड निघाली तरच. मला त्याने सगळ्या खोडी सांगून टाकल्या होत्या.

त्यानंतर कोणत्याही वर्गाला माझ्या आगमनाची वेगळी सूचना द्यावी लागली नाही. मी वेशीजवळ असतानाच मुले पुस्तके उघडत. प्राचार्यांनी मला बोलावून विचारले, “सर, घरी सगळं ठीक आहे ना?” गावातली तरुण मुले, जी पूर्वी मला ओळखही देत नसत, ती रस्त्यात थांबवून अंगठा दाखवू लागली. माझ्या विषयात यापूर्वी कोणाचीच इतकी रुची मी पाहिलेली नव्हती. आणि तीही विषयात नव्हती.

पाचोडची शाखा सर्वांत जास्त विक्री करत असे, कारण कारभारी वाहन आणि वस्तू यांत भेद करत नव्हता. नानासाहेब म्हणून एक मोठे बागायतदार होते. त्यांच्या ट्रॅक्टरला त्याने मागे पंख बसवून दिला, जो शर्यतीच्या गाड्यांना वेगात जमिनीवर दाबून ठेवण्यासाठी असतो. नांगरट करताना त्याचा काय उपयोग, असे मी नानासाहेबांना विचारले. “कोंबड्या बसत्यात,” ते म्हणाले, “पन लांबून बघा ना, कसं विमान उतरल्यावानी दिसतंय.” कडबा कापायच्या यंत्राला त्याने शर्यतीच्या इंजिनाला लावतात तो थंड हवेचा फिल्टर लावून दिला. कडबा तेवढाच कापला जाई. आवाज मात्र असा येई, की जनावरे खायला पुढे येत नसत.

आता ही दुकाने बुडाली कशी, तेही सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी लोकांत भलतेच समज आहेत. मंदीने नाही, ऑनलाइन खरेदीनेही नाही. ‘वेगराज’ची खरी प्रसिद्धी मोटारी खाली बसवण्यात होती. मोटार जमिनीला जवळजवळ टेकलेली असली की ती वेगवान दिसते. अशा मोटारी प्रत्येक दुकानासमोर इतक्या सुसाट येऊ लागल्या, की चारही ठिकाणच्या लोकांनी वैतागून दुकानाच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक बांधले. आणि रागाच्या भरात उंच बांधले. परिणामी ज्याने ‘वेगराज’कडून एकदा मोटार खाली बसवून घेतली, तो पुन्हा ‘वेगराज’पर्यंत पोहोचू शकेना. ज्यांनी अजून काहीच घेतले नव्हते तेवढेच दुकानात येत, आणि घेऊन गेले की कायमचे जात.

बिडकीनच्या शाखेच्या वर्धापनदिनी खुद्द विश्वजीतची मोटार दुकानासमोरच्या गतिरोधकावर पोट टेकून अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. तराजूच्या दांडीसारखी डुलत राहिली. मुहूर्त टळू नये म्हणून पूजा गतिरोधकावरच झाली आणि नारळही तिथेच फोडला. मालक मोटारीतच बसून होता, कारण दार उघडले की मोटार एका अंगाला कलंडत होती. २०२१च्या उन्हाळ्यात चारही दुकाने बंद झाली.

विश्वजीत माल भरून न्यायला पाचोडला आला, तेव्हा मी समोरच्या हॉटेलात बसलो होतो. भिंतीवरच्या जुन्या सायलेन्सरांकडे बोट दाखवून तो म्हणाला, “मामा, हे भंगार वजनावर काढून टाका.”

“दावी हायेत ती, मालक. वजनावर जात नाय.”

“अहो, दुकानच राहिलं नाही!”

“दुकान तुमचं व्हतं. शब्द माझा व्हता.”

विश्वजीतने हात जोडले आणि गेला. कारभारीने आपल्या दुकानातलेच नव्हे, तर शहर, बजाजनगर आणि बिडकीनच्या शाखांत पडलेलेही सगळे जुने सायलेन्सर टेम्पोत भरले. टेम्पो पुढे, हा मागून चालत. ते सारे त्याने आपल्या मेंढ्यांच्या गोठ्यात आढ्याला टांगले. पुढे माझी बदली शहरात झाली, आणि तो गोठा पाहण्याचा प्रसंग काही काळ टळला.

गेल्या डिसेंबरात शहरात कर्णकर्कश सायलेन्सरांविरुद्ध मोहीम निघाली. मला क्रांती चौकाजवळ अडवण्यात आले. शिपायाने गाडीकडे पाहिले, माझ्या चष्म्याकडे पाहिले, पुन्हा गाडीकडे पाहिले.

“काका, वय काय तुमचं?”

“त्याचा इथे संबंध नाही.”

“तेच म्हणतोय मी. संबंधच लागेना.”

सायलेन्सर जप्त झाला. जप्त मालाची रस्त्यावर ओळ लावून त्यावरून रोलर फिरवला, तेव्हा मी जातीने हजर होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा सायलेन्सर खोकला नाही; बहुधा उतार नव्हता म्हणून. आता स्कूटीला सायलेन्सरच नव्हता आणि ती पूर्वीपेक्षा जास्त ओरडत होती. त्या जुन्या गाडीचा मूळ भाग बाजारात मिळत नाही. तो कुठे आहे ते मला ठाऊक होते. मी पाचोडला गेलो.

गोठ्याच्या दाराशी बानाबाई बसल्या होत्या. वारा सुटलेला होता आणि आढ्याला टांगलेल्या त्या सगळ्या नळ्यांतून एकच घुमारा निघत होता, जणू पन्नास गाड्या सिग्नलला उभ्या आहेत. खाली मेंढ्या निवांत रवंथ करत होत्या.

“ह्याच्याबिगर आता झोपंना झाल्यात,” बानाबाई म्हणाल्या. “वारं पडलं की बावरत्यात. माझ्या लेकानं मेंढरं शहरातली करून टाकली.”

कारभारी तोच लाल टी-शर्ट घालून बाहेर आला. रंग उडून तो आता गुलाबी झाला होता.

“सर! दावं न्याया आलाव? जनावर कुठंय?”

“रोलरखाली गेले.”

तो मटकन खाली बसला. रुमाल काढून मांडीवर ठेवला. “लई वरडला का?”

“नाही. लगेच गेला.”

“आये, च्या ठिव,” तो म्हणाला. सुतकाच्या घरी बसावे तसे बसून आम्ही तिघांनी तो चहा घेतला. कोणाच्या दुःखात मी सहभागी झालो होतो, हे मला अद्याप सांगता येत नाही.

मग त्याने आढ्यावरून एक एक सायलेन्सर काढून त्यात फुंकायला सुरुवात केली. तिसऱ्याला थांबला. “ह्यो तुमचा. जरा नाकात बोलतो.” मी हात पुढे केला. सवयीने त्याने रुमाल हातावर टाकला. मी एक पाऊल मागे सरलो. पण मग त्याने स्वतःच रुमाल काढून खांद्यावर टाकला.

“ह्याचा सौदा झाकून व्हत नाय. उघड बोलतो.” त्याने गोठ्याच्या भिंतीकडे बोट केले. भिंतीवर रस्ता रुंदीकरणाच्या मोजणीची लाल खूण होती. “पावसाळ्याच्या आत हे पाडनार. सरकारनं पैसं दिलं, माझी काय तक्रार नाय. पन ही दावी कुठं नेऊ? भंगारवाला दर बाजारी काटा घिऊन दारात उभा ऱ्हातो. एक दावं जरी काट्यावर चढलं ना सर, मी ह्या गावात परत कुनाच्या हाताला हात लावू शकत नाय. ज्याचं त्यानं न्यावं. बास.”

“मग माझा द्या.”

“तुमचा शेवटी.”

“का?”

“आत्ता दिला तर तुम्ही लिवणार नाय.”

“काय लिहायचे?”

“तक्रारी लिवता ना सगळीकडं? मालकानं दाखवल्या व्हत्या मला. लई झ्याक लिवता. तशीच एक लिवा. पन माझ्यावर नको. जे आले नाय त्यांच्यावर लिवा.”

मी शहरात परतेपर्यंत माझ्या गाडीच्या आवाजाने प्रत्येक गावातली कुत्री वेशीपर्यंत पोचवायला आली. माझा सायलेन्सर आजही पाचोडला, मेंढ्यांच्या डोक्यावर टांगलेला आहे, आणि तो मला मिळणे आता सर्वस्वी आपल्या हाती आहे.

तरी वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी ‘वेगराज’च्या शहर, बजाजनगर, बिडकीन अथवा पाचोड यांपैकी कोणत्याही शाखेत सायलेन्सर बसवून घेतला असेल, त्यांनी पावसाळ्यापूर्वी पाचोडला कारभारीच्या गोठ्यावर यावे. बसवलेली वस्तू शिल्लक असेल तर सोबत आणावी. रोलरखाली गेली असेल तर तसे तोंडाने सांगावे; चहा मिळेल. मोटार खाली बसवलेली असेल तर एस.टी.ने यावे. आपला जुना सायलेन्सर घेऊन जावा, म्हणजे मला माझा मिळेल.