दुखण्याची गोळी

राजूरला माझं मेडिकलचं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा एक मेस्त्री महिन्यातून दोनदा कंबर धरून काउंटरवर यायचा. "खडा सरकून राह्यला. दुखण्याची गोळी दे, जल्दी." पडलेले मुतखडे तो काडेपेटीत ठेवायचा आणि झिजलेलं बेअरिंग दाखवावं तसे गिऱ्हाइकांना दाखवायचा. पाणी फारसं प्यायचा नाही. बीपीची गोळी आठवली तर घ्यायचा. मीही त्याला कधी अडवलं नाही.

यंदा जालन्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले. सारखे खडे, वाढलेलं बीपी आणि या दुखण्याच्या गोळ्या, यांनी मिळून किडन्या निम्म्यावर आणल्यात, असं सांगितलं. तो तिथून थेट माझ्याकडे आला.

"आजपासून मी रडलो तरी गोळी देऊ नको."

आठ दिवसांनी तो घामाघूम होऊन आला.

"न्हाई देत, काका."

त्यानं माझ्या बापाचा उद्धार केला. मग पायरीवर बसून रडू लागला. मी शटर ओढलं आणि त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोण आहे?"

"इतकी वर्षं गोळ्या देणारा हाच," तो म्हणाला. "आज मातर दिली न्हाई."