पडद्याकडे पाठ

सायसिंगदादा सिनेमा दाखवायचा तो पडद्याकडे पाठ करून. धडगावच्या वरच्या अंगाला, घाटातल्या आमच्या आश्रमशाळेत तो कामाठी होता. पाणी भरायचं, झाडायचं, स्वयंपाकात हात द्यायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तो जेवणाच्या खोलीच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगायचा, भिंतीवर प्रोजेक्टरचा झोत सोडायचा आणि भिंतीच्या कडेला आमच्याकडे तोंड करून उभा राहायचा. सिनेमा हिंदीत असायचा. लहान मुलांना घरची पावरी सोडून दुसरी भाषा येत नव्हती. म्हणून तो सगळं पावरीतून सांगायचा, मागे वळून न बघता. "पडदा माझा पाहून झालाय," तो म्हणायचा, "तुमची तोंडं राहिलीत." त्याचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे. पावरीत ते याहून थोडक्यात होतं.

सिनेमे सगळे एकाच परदेशी कंपनीचे. चित्रकथांच्या पुस्तकांतला एक वीर, त्याचा पिवळा अंगरखा, पोलादी पंख. आम्ही त्याला पिवळाच म्हणायचो. दादा तरुणपणी नंदुरबारच्या मिरची बाजारात हमाली करायचा, तेव्हा त्याने याचा पहिला सिनेमा पाहिला होता. तेव्हापासून त्या कंपनीवर त्याचा घरच्या माणसासारखा हक्क. "दुसऱ्यात जीव ओतलाय त्यांनी. चौथ्यात आळस केलाय, पण चालायचंच." ऐन मारामारीत पिवळा विनोद करायला लागला की दादा तेवढं गाळायचा.

"दादा, पडद्यावरचे सगळे का हसले?"

"उगाच. तू पुढे बघ."

पाचव्या सिनेमात पिवळा मेला. फुटत आलेल्या धरणाची भिंत त्याने पाठीवर धरली, खालचं गाव बाहेर पडेपर्यंत. आमच्या मुलांना धरण समजावून सांगावं लागलं नाही. दादाचं स्वतःचं गावही धरणाच्या पाण्याखालीच होतं. भिंत कोसळली तेव्हा दादा एवढंच म्हणाला, "गेला," आणि घोंगड्या काढायला लागला. मुलं उठेनात. पहिलीतली तर मोठ्याने रडत होती.

आमच्या पाड्यावर माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड रोवतात. दादाने ओढ्यातून वीतभर उंचीचा दगड आणला आणि शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली आमच्याकडून रोवून घेतला. मुख्याध्यापक नंदुरबारकडचे, अहिराणी बोलणारे. त्यांनी कपाळाला हात लावला. "सिनेमाना मानूसना दगड कोनी रोवस का रे, सायसिंग? येडा व्हयना का?"

"सर, मुलांनी मरण पाहिलंय," दादा म्हणाला. "ते तसंच सोडून द्यायचं का?"

त्याचं बोलणं कोणासाठी होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी सहावीत होते, माझी धाकटी बहीण रमिला दुसरीत. आदल्या वर्षी आमचे वडील गुजरातेत ऊसतोडीला गेले होते, ते तिकडेच वारले. तिकडेच त्यांचं सगळं उरकलं. आम्हाला नुसती बातमी आली, आणि आई कामासाठी आत्याकडे राहायला गेल्यामुळे घरी दगडही रोवला गेला नाही. रमिला जीपचा आवाज आला की फाटकाकडे धावत सुटायची. मोहाखाली दगड रोवला त्या दिवशी ती त्याच्यावर हात ठेवून बराच वेळ बसली. पुढच्या आठवड्यात जीप आली, तेव्हा ती जागची उठली नाही.

वर्ष भरलं असेल. सहावा सिनेमा लागला आणि दादा रजा काढून, घाट उतरून नंदुरबारला गेला. परत आला तेव्हा आम्ही त्याला घेरलं.

"कसा आहे, दादा?"

"बघू."

मग पेनड्राइव्ह मिळेना, मिळाला तर प्रोजेक्टर बिघडला, तो सुधारला तर लाइट नाही. शेवटी मुख्याध्यापकांनीच हौसेने सिनेमा आणला आणि स्वतः लावून दिला. दादा नेहमीसारखा पाठ करून उभा राहिला. अर्ध्यात दार उघडलं आणि पिवळा आत आला. तोच अंगरखा, तेच पंख. मुलं ओरडली.

"हा तो नाही," दादा म्हणाला. "तोंड तसं आहे, एवढंच. हा दुसऱ्या गावचा."

हिंदीत मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते आणि ते सगळ्या शाळेला माहीत असावं असं मला वाटायचं. मी उभी राहिले. "दादा चुकीचं सांगतोय. पिवळा म्हणाला, मैं वही हूँ, मौत से लौट आया हूँ."

दादाने त्या दिवशी पहिल्यांदा वळून पडद्याकडे पाहिलं. पाहतच राहिला. माझ्या शेजारून रमिलाने विचारलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ताई, मग बाबा पण येईल?"

मी खाली बसले.

सोमवारी रमिला फाटकाशी उभी होती. मोहाखालचा दगड उपटून बाजूला टाकलेला होता. दादाने तो पुन्हा रोवला. तिने पुन्हा उपटला. तिसऱ्यांदा दादाने तो उचलून स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि तिथेच बसला. मी जवळ जाऊन उभी राहिले. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"तू खरं तेच बोललीस, पोरी," तो म्हणाला. "चुकलं ते माझं. मला वाटलं, एवढी मोठी कंपनी, मरण म्हणजे काय ते त्यांना ठाऊक असेल. मारलं ते मारलं. एवढं तरी पाळायचं होतं त्यांनी."

त्यानंतर त्याने सिनेमा सांगितला नाही. सातवा आला, आठवा आला. त्यांत पिवळे तीन झाले, दुनिया सात झाल्या. मोठी मुलं बघायची, दादा बाहेर भांडी घासायचा. कोणी आत बोलावलं तर म्हणायचा, "तुम्हाला हिंदी येतं आता." रमिला पुढे दोन हिवाळे जीपकडे धावत गेली. नंतर केव्हातरी थांबली.

मी नंदुरबारला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचाच फोन आला. "दादा गेला. तापाने गेला." मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. गाव बुडाल्यावर दादाची माणसं ज्या पाड्यावर राहायला आली होती, तिथे त्याच्या नावाचा दगड रोवलेला होता. मी तो ओळखला. स्वयंपाकघराच्या भिंतीचा तेलकट डाग त्याच्यावर तसाच होता. रमिलाने तो मांडीवर घेऊन जीपने आणला होता, सगळा घाट.

मी आमच्या पाड्यावरची पहिली पदवीधर. हे सांगताना मी संकोच करत नाही. आता त्याच आश्रमशाळेत मी रोजंदारीवर शिकवते. खोटं बोलू नये, हे वर्गात सांगते आणि ते मनापासून सांगते. मागच्या शनिवारी मुलांनी त्या कंपनीचा नवा सिनेमा लावला. पिवळा पुन्हा मेला होता आणि पुन्हा आला होता. पुढच्या रांगेत पहिलीतली एक मुलगी बसली होती. तिचे वडील यंदा ऊसतोडीहून परतले नाहीत. तिने माझ्या साडीचा पदर ओढला आणि पावरीत विचारलं, "हा मेला होता ना?"

मी उठले, भिंतीच्या कडेला गेले आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहिले. सगळी तोंडं दिसत होती.

"हा तो नाही," मी म्हणाले. "हा दुसऱ्या गावचा."

मागच्या रांगेतून सहावीतली एक मुलगी उठून उभी राहिली. तिचं हिंदी चांगलं आहे. मीच शिकवलंय.