उजवीकडचं पार्किंग

फुटबॉलला माझा पाय शेवटचा नीट लागला तो शाळेत, आणि तेव्हाही गोल आमच्यावरच झाला होता. तरीही मी आमच्या छोट्या कॉलेजच्या संघाचा सहायक प्रशिक्षक आहे. शिकवतो अकाउंट्स. एकदा स्टाफरूममध्ये 'मी टीव्हीवर फुटबॉल बघतो' एवढंच म्हणालो, ते क्रीडा विभागाच्या सरांनी मनावर घेतलं. तेव्हापासून चेंडूत हवा भरणं, बर्फ आणणं आणि बाकावर काळजीत बसणं ही कामं माझी. बढतीची आशा नाही. सरांची तब्येत ठणठणीत आहे.

यंदा प्राचार्यांनी बजावलं होतं, "पहिली फेरी आपण कधी जिंकलोय? आता हरलात तर संघ बंद." आणि नेमके सामन्याच्या दिवशी सर परीक्षेच्या कामात अडकले. फोनवर म्हणाले, "आता तुम्हीच बघा." आजवर मी दुसरं काय करत होतो?

शनिवार होता म्हणून बायकोही आली. "तुम्ही तिथे नेमकं करता काय, ते एकदा बघू तरी द्या."

हाफटाइमला आम्ही एका गोलने मागे. मुलं माना खाली घालून पाणी पीत होती. मी भाषण सुरू केलं, 'जिद्द' या शब्दापर्यंत आलो, तोच कुंपणापलीकडून बायकोचा आवाज आला.

"अहो, एक विचारू? तुमची मुलं उजवीकडे जातच नाहीत. तिथे चिखल आहे का?"

'तुला काय कळतंय' म्हणायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. चिखल नव्हता. पार्किंग होतं! इथे नव्हे, आमच्या कॉलेजात. आमचं मैदान म्हणजे इमारतीमागची पट्टी. गोल एकच, आणि त्याच्या उजव्या अंगाला स्टाफच्या दुचाक्या. गाडीला चेंडू लागला की सराव तिथेच बंद. बिचारी मुलं रोज डावीकडूनच खेळायची, आणि आज एवढ्या मोकळ्या मैदानातही डावीकडेच दाटीवाटी करून उभी होती.

"अरे, इथे गाड्या नाहीयेत!" मी ओरडलो.

कॅप्टनने उजवीकडे बघितलं. "आयला, खरंच की! सॉरी सर."

मग काय विचारता! नावापुरता उजव्या बाजूचा उंच मुलगा, जो इतका वेळ लग्नात ओळखीचं कुणी न भेटलेल्या पाहुण्यासारखा उभा होता, तो सुटला. पहिला चेंडू थेट बाहेर. दुसरा बरोबर गोलसमोर, आणि बरोबरी! मी उडी मारली ती बर्फाच्या बादलीत. ओल्या बुटांनी मी बाकासमोर येरझारा घालतोय, आणि शेवटच्या मिनिटांत पुन्हा तोच मुलगा एकटा पुढे.

"अरे मार ना, मार!" बायकोचा हा आवाज घरात कुकरच्या शिट्टीवरही कधी चढला नव्हता.

मारला. गोल! आम्ही जिंकलो, आणि मुलांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. वजन बघून विचार बदलला.

"संघ राहील," प्राचार्य सोमवारी म्हणाले, "पार्किंगचं मात्र नंतर बघू." मी संध्याकाळी मुलांना सांगितलं, आजपासून उजवीकडूनही खेळायचं. पहिलाच फटका माझ्या स्कूटरच्या आरशावर! काच खळकन फुटली. सगळे जागच्या जागी थिजले आणि माझ्याकडे बघू लागले.

मी शिट्टी फुंकली. "थांबलात काय? खेळा!"