दामूच्या दोरीतली शेवटची गाठ

दामू गवंडी गेल्याचं मला शहापूरच्या एसटी स्टँडवर कळलं. डोळखांबच्या गाडीतून त्याची बायको शेवंती उतरली आणि मला बघून म्हणाली, "साहेब, आटपलं त्यांचं. चार दिस झाले. दाखल्यासाठी आलेय." याला आता दीड महिना होईल. एक गोष्ट सांगायची राहिलीय, ती आज सांगून टाकतो.

मी सरकारी बांधकामावरचा ज्युनियर इंजिनिअर. नव्वदच्या दशकात दामू माझ्या कामांवर असायचा. कुणाचं घर बांधायचं असलं की हा बाबा आधी घरातल्यांना दोरीनं मोजायचा. म्हातारी बसल्या जागी हात कुठवर पोचवते, लंगडं पोर पाय किती उचलतं... प्रत्येकाची एक गाठ. चुलीची, फळीची, उंबऱ्याची उंची त्या गाठींवरून ठरायची. मी चिडवायचो, "अरे, तू गवंडी की शिंपी?" तो म्हणायचा, "शिंप्याचं चुकलं तर उसवता येतं, साहेब."

मग त्याच्याच गावात दवाखान्याचं काम निघालं. गावाला जोतं उंच हवं होतं, सरकारी इमारत रस्त्यावरून दिसली पाहिजे ना! मलाही तोच तोरा. नकाशात पाच पायऱ्या काढल्या. दामूनं काय करावं? सुट्ट्या विटांच्या पाच पायऱ्या रचल्या, बांबूला झोळी बांधली, तीत वाळूचं पोतं ठेवलं आणि सरपंचाला नि मला म्हणाला, "चढा." पाड्यांवरच्या बाळंतिणी अशाच झोळीतून यायच्या. तिसऱ्या पायरीवर झोळी कलली आणि पोतं धप्पकन खाली. सगळे खो खो हसले. दामू मात्र हसला नाही. "साहेब, बाजूनं उतरण काढू. पोटुशी बाई हितून चढल कशी?"

"जागा नाय," मी म्हणालो. मोजली होती का? कसलं काय! चारचौघांत फजिती झाली म्हणून तोंडाला येईल ते बोललो. वर आणखी, "तुला बांधायला बोलावलंय, शिकवायला नाय." पाचही पायऱ्या त्यानं मन लावून बांधल्या.

काही वर्षांनी मुरबाडकडे एका शाळेच्या कामावर तो परांचीवरून पडला. कमरेखालचं सगळं गेलं. पडून पडून पाठीला जखमा झाल्या आणि ड्रेसिंगला त्याच दवाखान्यात जाणं आलं. चौघे जण झोळीतून चढवायचे. एकदा ओल्या पायरीवर एकाचा पाय घसरला, दामू खाली आपटला. तेव्हापासून तो गेलाच नाही. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "माझ्याच हातच्या पायऱ्या, साहेब. लय मजबूत झाल्यात." टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं. नर्सबाई जमेल तेव्हा घरी यायच्या, पण पावसाळ्यात ओढा भरला की त्यांचंही येणं बंद. जखमा चिघळल्या, ताप हटेना. उतरणीसाठी मी एक कागद वर पाठवला होता. खोटं कशाला बोलू, त्याच्या मागे लागलो नाही. लाज वाटते.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. उंबरा काढलेला, दाराशी मातीची उतरण, खाटेवरून हात पोचेल असा पाण्याचा माठ. चाकाच्या फळीवर बसून या एका घरातून तो आपला आपण अंगणात यायचा. शेवंतीनं खिळ्यावरची दोरी काढून माझ्या हातात दिली. "ही शेवटची गाठ दवाखान्याची. मला तीनदा धाडलं मोजायला. म्हनले, साहेबांना दे, त्यांच्या कागदाला लागल."

आम्ही दोघं तसेच दवाखान्यात गेलो. शेवंतीनं दोरीचं टोक वरच्या पायरीवर धरलं आणि मी भिंतीच्या कडेनं दोरी ताणत चालत गेलो. उतरण बांधली असती तर जिथं जमिनीला टेकली असती, तिथं दामूनं गाठ मारली होती.

गाठ कुंपणाच्या आत आली. पुढे दोन हात जागा उरली होती.