घरून करून आलेली तयारी

"सिस्टर, पेशंटला आत घ्या," सर्जन म्हणाले.

"सर, आज नको."

सर्जनला नाही म्हणायची मला सवय नाही. डहाणूच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरची नर्स आहे. पण पेशंटच्या जांघेत मला ब्लेडचे बारीक लाल ओरखडे दिसले होते.

पेशंट म्हणजे कैनाडचे एक काका, चिकूच्या वाडीवाले. ऑपरेशन हर्नियाचं. त्यात पोटाच्या आत जाळी बसवतात. त्या जाळीला जंतू लागले तर कधीकधी पुन्हा उघडून जाळीच काढावी लागते. नुकताच आमच्या दोन पेशंटच्या जखमेत पू झाला होता. एकाची जाळी काढली, तेव्हा तो म्हातारा माणूस ढसाढसा रडला. मी ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं मशीन, तपासून घेतलं. हात धुण्यावरून सगळ्यांचं डोकं खाल्लं, मावशींशी भांडले. हाती काही लागलं नाही.

"काका, केस कोणी काढले?"

"न्हावी बोलावला ना परवा घरी. इकडे सिस्टर लोक काढतात म्हणे. मला लाज वाटली."

"म्हणे, म्हणजे कोण म्हणे?"

"आमचे व्याही. त्यांची जाळी काढली ना तुम्ही? ते सगळ्यांना सांगतात, घरूनच करून जा."

जखम चिघळली तरी सल्ला चालूच! दुसऱ्या पेशंटला फोन लावला. त्यांनीही तेच केलं होतं.

ब्लेडने कातडीला डोळ्यांना न दिसणाऱ्याही चिरा पडतात. दोन दिवसांत त्यात जंतू वाढतात. म्हणून केस काढायचेच तर ऑपरेशनच्या जरा आधी, क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने.

"अँटिबायोटिक देऊ की," सर म्हणाले.

"त्या दोघांनाही दिलं होतं, सर."

सरांनी ओरखडे पुन्हा एकदा पाहिले. "दहा दिवसांनी घ्या."

काका तणतणत गेले, पण दहा दिवसांनी आले. ऑपरेशन झालं, जखम कोरडी राहिली, टाके निघाले.

त्या दहा दिवसांत मी जुने कागद काढले. 'केस काढले' या रकान्यात दोघांच्याही नावापुढे टिक होती. खाली सही माझी. कोणी काढले, कधी काढले, मी विचारलंच नव्हतं. फार वाईट वाटलं.

आता आम्ही ओपीडीतच सांगतो, घरी काही करू नका, इथे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, पडद्याआड करतील. व्याह्यांना मी स्वतः फोन केला.

"म्हणजे माझंच चुकलं?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. तुम्हाला लाज वाटेल, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं."