नको म्हटलेलं घर

मिलवॉकीतल्या त्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही किती घरं पाहिली, ते आता सांगता येणार नाही. सगळी एकमेकांत मिसळून गेली आहेत. पायऱ्यांवर टाकलेलं मीठ, दारातलं ओलं पायपुसणं, कुणाच्या तरी स्वयंपाकाचा शिळा वास आणि "आत्ताच गेलं हो" असं सांगणारा एक चेहरा. फोनवर रिकामं असलेलं घर, आम्ही दारात उभे राहिलो की भरलेलं असायचं. सुरुवातीला मला राग यायचा. मग तोही यायचा बंद झाला.

घर हवं होतं ते मुलीसाठी. नवरा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, आणि आम्ही राहत होतो त्या इमारतीत लहान मुलांना मज्जाव होता. तेव्हा असे नियम सर्रास असत. मुलं आणि कुत्री नकोत, असं जाहिरातीत एकाच ओळीत छापलेलं असायचं. म्हणून दोन वर्षांच्या लेकीला सांगलीला माझ्या आईकडे ठेवून मी एकटी आले होते. दोन-तीन महिन्यांत घर बघू आणि तिला आणू, असं ठरलं होतं. ठरवणारे आम्हीच, त्यामुळे हरकत घ्यायला कुणी नव्हतं.

मिलवॉकीतल्याच एका नागपूरकर डॉक्टरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, भाच्याच्या लग्नाला भारतात गेल्या होत्या. मार्चमध्ये परतताना मुलीला घेऊन येते, असं त्या आपणहून म्हणाल्या होत्या. मी स्वतः जाऊन तिला आणावं अशी आमची ऐपत नव्हती. तेव्हा काकू निघायच्या आत घर मिळायला हवं होतं, एवढंच.

फेब्रुवारीत एका रविवारी दुमजली घराचा खालचा मजला पाहायला गेलो. वरच्या मजल्यावर मालकीण राहायची, एक म्हातारी पोलिश विधवा. तिने दार पूर्ण उघडलं, इथूनच नवलाई सुरू झाली. कॉफी विचारली, आम्ही नको म्हणालो. केक पुढे केला, तोही नको म्हणालो, मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं तरी. घर स्वच्छ होतं. मागे एक लहानशी खोली होती. मुलगी किती वर्षांची, कधी येणार, आजीला सोडून राहील का, बाईने सगळं विचारलं. इतक्या महिन्यांत तिच्याबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं. मग ती नवऱ्याला म्हणाली, "छापलंय ते भाडं तुम्हाला जड जाईल. लहान मूल येतंय, मी कमी करते. घेऊन टाका."

"छे छे," नवरा म्हणाला, "असं आम्ही कसं घेऊ? नाही, नाही."

"नाही?"

"नाही हो, खरंच नाही."

हे सगळं इंग्रजीत, पण आतून चोख मराठीत. मला त्याचा अभिमान वाटला. चांगल्या घरातला माणूस असाच बोलणार. आता ती आग्रह करणार, आपण आणखी एकदा मान हलवणार, आणि मग "तुमचा एवढा आग्रहच असेल तर" म्हणत हो म्हणणार. पंगतीत जिलबी वाढणारा काही पहिल्याच "नको"ला पुढे सरकत नाही. बाईने आमच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग आल्याबद्दल आभार मानले, आमचे कोट आणून दिले आणि रस्ते निसरडे आहेत, जपून जा, म्हणाली. आम्हाला ते फारच जिव्हाळ्याचं वाटलं.

"लगेच हुरळून हो म्हणायचं नसतं," नवरा गाडीत म्हणाला. "शनिवारी ॲडव्हान्स घेऊन जाऊ."

घरी येऊन मी सांगलीला शेजाऱ्यांकडे फोन लावला. आईला ओरडून ओरडून सांगितलं, घर मिळालं, काकूंबरोबर तिला पाठव.

शनिवारी गेलो तर खालच्या खिडक्यांना पडदे लागले होते.

"पण तुम्ही तर नाही म्हणालात," बाई दारात म्हणाली. "मी पुन्हा विचारलं होतं."

खरंच विचारलं होतं. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. नवरा बर्फात उभा राहून तिला आग्रह म्हणजे काय ते समजावू लागला. आमच्याकडे पहिल्यांदा नाही म्हणतात, दुसऱ्यांदाही म्हणतात, आणि मग. ती बिचारी मान डोलवत ऐकत होती. मला हसू आलं. हसून झालं तेव्हा आत काही उरलंच नव्हतं, राग नाही की रडू नाही. बोटं गारठली की टोचलेलं कळत नाही, तसं.

पुन्हा फोन लावला. पाठवू नकोस म्हटलं. "अगं, ती गल्लीभर सांगत फिरतेय, मी विमानात बसणार म्हणून," आई म्हणाली. मी "बरं" म्हटलं.

मार्चमध्ये काकू एकट्याच आल्या, मेतकुटाचा डबा घेऊन. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं वेडे, इथे नो म्हणजे नो! आम्हीसुद्धा सुरुवातीला डिनरपार्टीहून उपाशी घरी आलोय. फर्स्ट टाइमलाच येस म्हणून टाकायचं." मग म्हणाल्या, "डिसेंबरमध्ये पुन्हा जातेय, तेव्हा आणू का तिला?"

मी ताबडतोब हो म्हणाले.

मधल्या महिन्यांत मी काय केलं, ते आठवत नाही. स्वयंपाक केला असणार, कपडे धुतले असणार. आईने फोटो पाठवले, त्यांत ती दारात उभी होती. मी तिच्याऐवजी दाराकडेच बघत बसायचे, नवा रंग दिलाय की जुनाच आहे ते. ऑक्टोबरमध्ये रुळांजवळ एक लहान घर मिळालं. मालकाने भाडं सांगितलं आणि न्हाणीघर पाहायच्या आधीच मी हो म्हटलं. तो हसला. मी घर घासूनपुसून ठेवलं, तिच्या खाटेवर चादर घातली. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती आली की होईल, असं धरून चालले.

जानेवारीत विमानतळावर काकू तिला हाताला धरून बाहेर आल्या. केवढी वाढली होती! "बघ कोण आलंय! आई!" काकू म्हणाल्या. तिने माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग पुढे आली, नीट वाकली आणि माझ्या बर्फात घालायच्या बुटांना हात लावून नमस्कार केला. मग त्याला केला. घरी पाहुणे आले की करायचा, हे आजीने शिकवलं असणार.

"किती गुणाची पोर!" काकू डोळे पुसत म्हणाल्या.

"शहाणी हो," माझ्या तोंडून गेलं, कुणाच्याही मुलीला म्हणावं तसं.

ती मागे सरकली, काकूंच्या कोटाचं टोक मुठीत धरलं आणि त्यांना हळूच म्हणाली, "केला नमस्कार. चल आता आपण घरी."