हू म्हणजे फूल

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलं ते म्हणजे इंग्रजीचा अकरावा धडा. वडगावात आमच्या मागाच्या खोलीत, दुपारनंतर, दोन्ही माग बंद ठेवून. पुस्तक बायकोच्या मांडीवर, वही माझ्या.

पुस्तक सरकारी वाचनालयातलं, कन्नडमधून इंग्रजी शिकवणारं. ती गोकाककडची, कन्नड शाळेत सातवी झालेली. मी मराठी चौथी. ती कन्नड वाचायची, मला मराठीत सांगायची, मी लिहून घ्यायचो. मला एकट्याला ते पुस्तक उपयोगाचं नव्हतं. कन्नड बोलायला मला अडत नाही, सूतवाल्याशी भांडतोसुद्धा कन्नडात. वाचायला येत नाही. येत नाही म्हणजे मी शिकलो नाही. तरुणपणी सीमेच्या मोर्च्यात घोषणा दिल्या, तेव्हा ही अक्षरं शिकायची नाहीत असं डोक्यात घेतलं, ते सत्तरी ओलांडली तरी पाळलं. बसची पाटी दुसऱ्याला विचारून चढलो.

"अवो, बायको कन्नड चालली, अक्षर तेवढं चालत न्हाय व्हय?" ती विचारायची.

"बायको घरच्यांनी बघितलेली. मला कुणी इचारलंतं?"

मग पुस्तक माझ्या गुडघ्यावर आपटायची.

इंग्रजी शिकायचं कारण नात. मुलगा परदेशात, सून दुसऱ्या भाषेची, म्हणून त्यांच्या घरात इंग्रजी. नात सहा वर्षांची. रविवारी फोनवर तिचं तोंड दिसायचं, ती बडबडायची आणि आम्ही दोघं देवळात बसल्यासारखे हात जोडून "यस, यस" करायचो. एका रविवारी फोन बंद झाल्यावर माझी बायको म्हणाली, "पोरगी काय सांगाय लागलीया आणि आपण माना हलवाय लागलोय. मला न्हाय आवडत हे." दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात जाऊन पुस्तक घेऊन आली.

चौथ्या धड्यात 'हू आर यू?' आलं. ती वाचताना मधेच थांबून हसायला लागली. "हू म्हंजे आमच्यात फूल," म्हणाली. "फूल हाईस तू, म्हणतंय पुस्तक तुमास्नी." आणि पेन्सिलीनं त्या शब्दाशेजारी पाच पाकळ्यांचं फूल काढलं. मी ओरडलो, सरकारी पुस्तक हाय म्हणून. तिनं त्याला एक पान जोडलं.

तेव्हापासून घरात तो खेळच झाला. मी बाहेरून येऊन कडी वाजवली की आतून ती ओरडायची, "हू?" मी सांगायचो, "शेवंती." कधी झेंडू, कधी कण्हेर. चुकून नुसतं "मी" म्हटलं तर दार उघडायची नाही. मागाच्या आवाजात जन्म गेलेला, दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळं हे सगळं गल्लीला ऐकू जायचं. शेजारीण म्हणायची, म्हातारा-म्हातारीला चळ लागला.

अकरावा धडा संपला. बारावा भूतकाळाचा. ती म्हणाली, "दिवस मावळायच्या येळेला भुताचं नाव नको. भूतकाळ उद्या करू."

दोरीवरचे कपडे काढायला परसात गेली आणि तिथंच दगडावर बसली. छातीत कळ आली म्हणाली. रिक्षा दवाखान्यात पोचायच्या आत गेली.

मुलगा आला, दिवस केले, परत गेला. जाताना म्हणाला, "आप्पा, पोरीला अजून सांगितलं न्हाय. लहान हाय. आजी गावाला गेलीय म्हटलंय. हळूहळू सांगू. तुमी फोनवर नुसतं हसा."

नुसतं हसा. मी हसलो. रविवार आला की दाढी करायची, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि हसायचं. नात विचारायची, "वेअर इज आजी?" एवढं मला आता कळत होतं. कळत नव्हतं तेव्हा बरं होतं. मुलगा मागून सांगायचा, गावाला. ती विचारायची, कधी येणार? मी हसायचो. माझी बायको मेली आणि मी दर आठवड्याला ती आहे म्हणून तोंड पसरून बसतो. त्या डब्यासमोर मला कुणीतरी खुंटीला बांधून ठेवल्यासारखं व्हायचं. मुलाला म्हटलं, मला तिला सांगू दे. तो म्हणाला, "कसं सांगणार आप्पा? तुमाला येतंय व्हय?"

येत नव्हतं. तेच तर. आम्ही शिकलो होतो ते सगळं आताचं. शी इज गोइंग, शी इज कमिंग. झालेलं सांगायचं बाराव्या धड्यात होतं आणि बारावा धडा मला वाचता येत नव्हता.

सरकारी वाचनालयात गेलो. तिथल्या बाई आता निवृत्तीला आलेल्या, माझ्या बायकोला ओळखायच्या, अव्वा म्हणायच्या. मराठीतून इंग्रजी शिकायचं पुस्तक मागितलं. त्यांनी मराठीचं कपाट दाखवलं. कादंबऱ्या होत्या, पोथ्या होत्या, आजारांवरची पुस्तकं होती. ते एक नव्हतं. बाई कन्नडात म्हणाल्या, "अज्जा, कन्नडातली सहा आहेत, न्या की." मी तसाच बाहेर आलो.

मग टिळकवाडीकडच्या एका मराठी वाचनालयात. तिथं मिळालं. पहिल्याच पानावर सकर्मक आणि अकर्मक. चौथी शिकलेल्याला ते इंग्रजीपेक्षा परकं. शेवटी क्रियापदांचा तक्ता होता, मराठी अर्थासकट, त्यात 'मरणे' सापडलं. समोर तीन रकाने. कुठला कधी वापरायचा ते लिहिलेलं दुसऱ्या कुठल्या पानावर. मी पहिला घेतला. डाय.

फोनवरही बघितलं. एक शिकवणारा हिंदीत एवढ्या घाईनं बोलतो की इंग्रजी यायच्या आधी त्याचं चॅनेल धरून ठेवायचं सांगण्यातच वेळ जातो. दुसरं एक ॲप मुलानंच आईच्या फोनवर टाकलेलं. ते रोज सकाळी तिचं नाव घेऊन म्हणतं, तुम्ही बरेच दिवस आला नाहीत, आम्ही तुमची वाट बघतोय. ते कसं बंद करायचं मला अजून माहीत नाही.

मग बोलून भाषांतर करणारं सापडलं. मी तोंडाजवळ धरून म्हटलं, "आज्जी मेली." फोन हिंदीवर होता, त्याला मैली ऐकू आलं. बाईचा आवाज म्हणाला, ग्रँडमदर इज डर्टी. डर्टी मला कळतं, साबणाच्या जाहिरातीत असतं. सगळ्या जन्मात त्या बाईनं घाण परकर घातला नव्हता. मी रागानं फोन मराठीवर केला आणि नीट, चारचौघांत म्हणतात तसं म्हटलं, "आज्जी वारली." तर भिंतीवरची चित्रं आली, पांढरी माणसं गोल धरून नाचणारी. "आज्जी गेली" म्हटलं, तेव्हा बरोबर आलं. पण गेली म्हटल्यावर पोरगी विचारणार, कुठं. मग पुन्हा गाव.

शेवटी ठरवलं, दोनच शब्द. आजी डाय. आठवडाभर परसात म्हणून बघितले.

रविवारी तिनं विचारलं, "वेअर इज आजी?" मुलगा काही बोलायच्या आत मी मोठ्यानं म्हटलं, "आजी डाय."

तिला काही समजलं नाही. डोळे मोठे करून, फोनला नाक लावून ती ओरडली, "हू?"

आणि माझ्या तोंडातून आलं, "शेवंती."

मग मला हसू फुटलं. बायको गेल्यानंतरचं पहिलं खरं हसू. थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. आज्जा हसतोय बघून नातही हसायला लागली, टाळ्या पिटून. "शेवंटी! शेवंटी!" मुलगा ओरडला, "आप्पा, काय चाललंय हे? सांगायची ही रीत हाय?" आणि फोन काळा झाला.

संध्याकाळी त्यानं आवाज रेकॉर्ड करून पाठवला. "सांगितलं तिला. लई रडली. एकच इचारतीया, आज्जा का हसला. काय सांगू तिला?"

ते मी चार वेळा ऐकलं. मुलाचं काही चुकलं नव्हतं. पोरीचंही नाही. पण आता ती जन्मभर म्हणणार, आजी मेली तेव्हा आज्जा हसला. हे तिला समजावायला जेवढं इंग्रजी लागतं, तेवढं माझ्या उरलेल्या दिवसांत येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं ते कन्नडमधलं पुस्तक पिशवीत घातलं आणि सरकारी वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. बाई आल्या. मी चौथा धडा उघडून ते पेन्सिलीचं फूल दाखवलं. पुस्तक खराब केलं म्हणून त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं बघितलं आणि विचारलं, "अव्वांनी काढलंय?"

"व्हय. मला कन्नडात हू लिहून दाखवा."

त्यांनी कागदावर लिहिलं. मी त्यांच्याच टेबलावर कोपर टेकून वहीत उतरवलं. पहिल्यांदा उलटं गेलं, दुसऱ्यांदा वरची शेपटी राहिली, सहाव्या वेळी बाई म्हणाल्या, आता झालं. त्याच्या एका बाजूला इंग्रजीत 'हू' लिहिलं, तीन अक्षरं, पुस्तकात बघून. दुसऱ्या बाजूला पाच पाकळ्या आणि एक पान. खाली 'आजी'. ते मराठीत. त्याचा फोटो मुलाच्या फोनवर पाठवला आणि म्हटलं, "हे पोरीला दाखव. हू म्हंजे तिच्या आजीच्या भाषेत फूल. म्हणून हसलो. एवढंच तिला इंग्रजीत सांग, बाकीचं मी सांगीन."

मग बाईंना म्हटलं, "पहिलीचं पुस्तक द्या. कन्नड पहिलीचं."

"कुणासाठी, अज्जा?"

"मलाच. मला बारावा धडा वाचायचाय."